अपुऱ्या चित्रांचे प्रदर्शन

नाशिकहून पुण्याच्या वाटेला लागले की तासाभराच्या आत सिन्नर येते. विड्यांचे गाव म्हणून त्याची जुनी ख्याती; अलीकडे कारखान्यांचे म्हणूनही लोक त्याला ओळखतात. घाईचा प्रवासी येथे चहा घेतो आणि पुढे जातो. आठ-नऊशे वर्षांचे एक देखणे शिवालय, भोवतालच्या चार उपमंदिरांसह, गावालगतच उभे आहे, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसते.

मात्र थंडी पडली की गोंदेश्वराच्या आवारात एक निराळीच जमात दिसू लागते. खांद्याला झोळी, हातात लाकडी फळी, फळीला चिमट्यांनी लावलेला कागद. ही चित्रशाळांची आणि वास्तुकला शिकणारी मुले. सकाळी उन्हाला पाठ देऊन बसतात आणि दुपारी ऊन फिरले की तीही फिरतात. गावातल्या पोरांना त्यांचे मोठे नवल. कुणी मागे उभे राहून श्वास रोखून बघतो, तर कुणी धीर करून विचारतो, ‘‘ताई, हा हत्ती आहे का?’’

गेल्या पौषात अशीच पाच मुले आमच्याच घरी उतरली होती. त्यांत माझी पुतणी. पाचही जण पदवीच्या शेवटच्या वर्षाची. प्रत्येकाला एक ‘प्रोजेक्ट’ करायचे होते, म्हणजे चित्रेही काढायची आणि त्या वास्तूचा इतिहासही लिहायचा. एकीने शिखर घेतले होते, एकाने मंडपाचे खांब. एकजण नुसत्या सावल्यांच्या मागे लागला होता. दिवसभर देवळात काम करायचे आणि रात्री जेवण झाल्यावर कंदिलाइतक्या गंभीर चेहऱ्यांनी एकमेकांचे कागद बघायचे, असा त्यांचा क्रम चालला होता.

चौथ्या दिवशी आमच्या घरातून सूचना निघाली. आळीतल्या बायका विचारीत होत्या, पोरे दिवसभर देवळात करतात तरी काय? तर उद्या संध्याकाळी पडवीत दोरी बांधून सगळे कागद लावावेत आणि सगळ्यांना बोलवावे. मुलांचे चेहरे उतरले. ‘‘काकू, अजून काहीच पुरं नाही. अर्धवट काम कसं दाखवायचं?’’ काकू म्हणाल्या, ‘‘पापड काय पुरता वाळल्यावरच बघतात होय? अर्धा वाळला की उलटून बघावाच लागतो. नाहीतर मग तो तसाच वाकडा वाळतो.’’ यावर कोणत्याही कलाशाळेच्या विद्यार्थ्यापाशी उत्तर असणे शक्य नव्हते. दोरी बांधली गेली.

त्या प्रदर्शनात काय घडले ते सांगण्यापूर्वी देवळाचा थोडा परिचय करून द्यायला हवा.

महाराष्ट्रात दगडाचे, चुन्याशिवाय बांधलेले जुने देऊळ दिसले की आपण त्याला सरळ ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. गोंदेश्वरालाही सारे गाव तसेच म्हणते. वास्तविक हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. गोंदेश्वराची घडण त्याच्या आधीची, अकराव्या-बाराव्या शतकांतली मानतात. तेव्हा हेमाडपंतांचा या देवळाशी बांधकामापुरता काही संबंध नाही. मौज अशी की दुसऱ्या बाजूने मात्र त्यांचे सिन्नरवर मोठे ऋण आहे. त्यांच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथातल्या व्रतखंडात यादवांची वंशावळ आली आहे. दृढप्रहाराचा पुत्र सेउणचंद्र याने सेउणपुर वसविले, असे तीत म्हटले आहे, आणि ते सेउणपुर म्हणजेच हे सिन्नर, असे अभ्यासकांनी ठरविले आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली. त्याच्या कितीतरी आधी यादवांचे बिऱ्हाड या बाजूला होते. ज्या माणसाचे नाव देवळाला चुकून चिकटले, त्यानेच गावाचा जन्मदाखला जपून ठेवावा, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा!

देऊळ कोणी बांधले? राव गोविंद नावाच्या गवळी राजाने, असे गावची आख्यायिका सांगते. ‘गवळी’ हा शब्द यादवांचीच आठवण असावी. देवळाला स्वतःची भाषा मात्र आहे, ती शिखराची. मधोमध शंकराचे मुख्य मंदिर, समोर नंदीचा मंडप, आणि चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती व सूर्य यांची चार लहान मंदिरे, असे हे पंचायतन एका उंच जोत्यावर उभे आहे. मुख्य शिखराच्या चारी बाजूंनी मधोमध एकेक दगडी पट्टा तळापासून वरपर्यंत चढत जातो. शास्त्रात त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत इवल्याइवल्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात, आणि वर जाताना त्या लहान लहान होत जातात. या धाटणीला ‘भूमिज’ असे नाव आहे. माळव्यात ती बहरली. आपल्याकडे अंबरनाथला आहे, मालेगाव तालुक्यात झोडग्याला आहे. लांबून शिखर पाहावे तर वाटते, मण्यांच्या माळा ओळीने टांगल्या आहेत.

आता पुन्हा पडवीत येऊ.

लोक आले. मांडीवरचे सूप बाजूला ठेवून विड्या वळणाऱ्या बाया आल्या. शाळेतले मास्तर आले. मुलांच्या अपेक्षेप्रमाणे ‘छान, छान’ झाले. सगळ्यात शेवटी एक म्हातारा पाथरवट आला. उभा जन्म पाटे-वरवंटे आणि जाती टाकण्यात गेलेला. सगळे त्याला नुसते बाबा म्हणतात. शिखराच्या चित्रापाशी तो बराच वेळ थांबला. चित्र खरोखरच सुरेख होते. लता, छोटी शिखरे, सारे जिथल्या तिथे. बाबा म्हणाला, ‘‘देऊळ झकास काढलंस पोरी. पन दगड कुठं हायेत?’’

पोरीला कळेना. बाबाने कागदाला न शिवता हवेतच बोट फिरवून दाखविले. ‘‘सांधं न्हाईत ह्यात. हे सगळं येकाच दगडात कोरल्यावानी दिसतंय. येक थर कुठं सरला, दुसरा कुठं बसला, ते दाव की. चुना न्हाई, काय न्हाई; नुसतं वजनावर उभं हाय ते.’’

पडवीत क्षणभर कोणी बोलले नाही. चार दिवस ती मुलगी नक्षी काढीत होती, आणि नक्षीच्या मधूनच जाणारी दगडांची सांध ही तिला खराबी वाटून तिने सोडून दिली होती. ज्यामुळे देऊळ उभे आहे, नेमके तेच चित्रात नव्हते. हे चित्र पुरे होऊन, चौकटीत बसून महाविद्यालयाच्या भिंतीवर लागले असते, तर कोणी ही चूक काढली असती असे मला वाटत नाही. चौकटीतल्या चित्राला लोक दुरून मान डोलावतात. दोरीवरच्या कागदाला मात्र कोणीही बोट दाखवू शकतो.

मला त्या रात्री अजिंठ्याची आठवण झाली, ती यामुळेच.

मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली चित्रशाळेचे वर्ग सुरू झाले. तेच आपले जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५ साली तेथे दोन तरुण शिक्षक विलायतेहून आले. एक लॉकवुड किपलिंग, आणि दुसरे जॉन ग्रिफिथ्स. वर्गात पुतळ्यांवरून आणि विलायती नमुन्यांवरून चित्रे गिरविणे हा तेव्हाचा अभ्यासक्रम. पण शाळेला लवकरच वर्गाबाहेरची कामे मिळू लागली. १८६८ मध्ये अंबरनाथच्या देवळाची मोजणी, रेखाटने आणि साचे करण्याचे काम शाळेच्या मंडळींनी केले. ती रेखाटने पुढे १८७४ साली बर्जेस यांच्या ‘इंडियन अँटिक्वरी’त आली. म्हणजे गोंदेश्वराचे सख्खे भावंड म्हणावे असे देऊळ कागदावर उतरविण्याचे काम दीडशे वर्षांपूर्वीच एका कलाशाळेकडे आले होते. आमच्या पडवीतली मुले काही नवे करीत नव्हती. त्यांना ते ठाऊक मात्र नव्हते.

आणि मग १८७२ मध्ये अजिंठा आला. त्याच्या आधी मद्रासच्या सैन्यातला रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे तेथे एकट्याने नकला करीत बसला होता. त्याची आणि पारोची कहाणी महानोरांच्या कवितेमुळे घराघरांत गेली आहे, तेव्हा ती येथे सांगत नाही. त्याच्या चित्रांचे काय झाले तेवढे सांगतो. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती टांगली होती. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि बोटांवर मोजण्याइतकी सोडून सारी जळाली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याचे थडगे भुसावळला आहे.

तेच काम मुंबई सरकारने ग्रिफिथ्स यांच्याकडे दिले. ग्रिफिथ्सनी ते एकट्याने केले नाही. त्यांनी आपले विद्यार्थी नेले. थंडीच्या दिवसांत ही मंडळी वाघूरच्या त्या नालाकृती खोऱ्यात जात. लेण्यांत अंधार आणि वटवाघळे. मचाण बांधायचे, भिंतीवरची रेघ न रेघ नजरेने धरायची आणि तेलरंगांनी कॅनव्हासवर उतरवायची. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नामांकित चित्रकार झाले. त्यांचा जन्म १८५१ चा, तेव्हा काम सुरू झाले त्या वेळी त्यांचे वय एकवीस. आमच्या पडवीतल्या मुलांचेही तेवढेच. एकविसाव्या वर्षी पद्मपाणीसमोर मचाणावर उभे राहण्याचे भाग्य किती जणांना लाभले असेल! आणि ती काय परीक्षा!

मधले खंड धरून हे काम तेरा वर्षे चालले. सुमारे तीनशे चित्रे झाली. ग्रिफिथ्स वेळोवेळी सरकारला अहवाल पाठवीत, आणि चित्रे विलायतेला रवाना होत. म्हणजे काम चालू असतानाच त्याचा हिशेब द्यावा लागे. पण तो द्यायचा सातासमुद्रापलीकडच्यांना, ज्यांनी मूळ भिंत पाहिलेली नाही त्यांना. फर्दापूरच्या वा अजिंठा गावच्या कोणी कधी या नकला दोरीवर पाहिल्या असतील का? त्या चित्रांत जे पागोटे आहे, जो नांगर आहे, जे मडके आहे, ते ओळखणारा माणूस तेथे दोन कोसांवर राहत होता.

१८८५ च्या जूनमध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, जेथे ही चित्रे साठविली होती, पुन्हा आग लागली. शंभराहून अधिक चित्रे भस्मसात झाली. दोन वेळा नकला कराव्यात आणि दोन्ही वेळा अग्नीने त्या घ्याव्यात, हे कादंबरीत लिहिले तर वाचक ‘अति झाले’ म्हणतील. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचे भव्य पुस्तक काढले. पुस्तकावर नाव ग्रिफिथ्सचे. एका अर्थी ते रास्तही आहे, कारण योजना त्यांची, देखरेख त्यांची. पण हात विद्यार्थ्यांचे होते, हे ते पुस्तक चाळणाऱ्या किती जणांच्या लक्षात येत असेल?

याहून बोचणारी एक गोष्ट आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर ती सांगावी की नाही याचा मी थोडा विचार केला. भिंतीवरची चित्रे मंद झाली होती. ती स्पष्ट दिसावीत म्हणून या मंडळींनी मूळ चित्रांवरच हलक्या प्रतीचे व्हार्निश फासले. त्या दिवसापुरती चित्रे उजळली, नक्कल करणे सोपे गेले. पुढे ते व्हार्निश पिवळे पडले, काळवंडले, आणि चित्रांना बाधक ठरले. १९२० नंतर निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांचे पोपडे भिंतीला चिकटवून मोठे काम केले, पण त्यांनीही वरून लाखेचा थर दिलाच. हे थर काढण्याचे नाजूक काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना नंतर कित्येक वर्षे करावे लागले. ज्यांनी अजिंठ्यावर जीव ओवाळून टाकला, त्यांच्याच हातून हे झाले. त्या विद्यार्थ्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. गुरूने सांगितले, त्यांनी केले. पण नक्कल पुरी करण्याची घाई मुळाच्या मुळावर कशी येते, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला ठाऊक नाही. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दीडशे वर्षांत भिंतीवरून जे जे झडून गेले, त्यातले कितीतरी आज फक्त त्या मुलांच्या कॅनव्हासवर उरले आहे.

यानंतर १९०९ ते ११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या, आणि त्यांच्या हाताखाली नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा अशी अवनींद्रनाथांची शिष्यमंडळी. त्यांनी तेल टाळले, जलरंग घेतले. अजिंठा बघायला गेलेला नंदलाल परतला तो निराळाच चित्रकार होऊन, एवढे सांगितले की पुरे.

पण अजिंठ्याने अपुऱ्या कामाचे माहात्म्य आणखी एका रीतीने शिकविले आहे. तेथली काही लेणी अर्धीच सोडलेली आहेत. चोविसावे लेणे पाहा. पुरे झाले असते तर ते तेथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. प्रवासी तेथे क्षणभरही थांबत नाही, कारण बघायला काही ‘नाही’. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक मात्र उभे आयुष्य असल्याच लेण्यांपाशी रेंगाळले. आपल्या विद्यार्थ्यांना ते त्या गुहांतच शिकवीत. पुरे झालेले लेणे ते कसे झाले हे लपविते. अर्धे लेणे सांगते. छत आधी, मग खाली. खांबाचा आधी नुसता ठोकळा, नक्षी नंतर. आणि मग एके दिवशी छिन्नी थांबली. का थांबली? वत्सगुल्माचा, म्हणजे आपल्या वाशीमचा, वाकाटक राजा हरिषेण मेला म्हणून, असे स्पिंक यांचे उत्तर. त्याचा मृत्यू ते इसवी सन ४७७ च्या सुमाराचा धरीत. त्यांची सालवारी साऱ्यांना मान्य नाही, आणि वर्षावर्षाचा इतका चोख हिशेब मलाही थोडा धाडसाचा वाटतो. परंतु सोडून दिलेल्या दगडातून इतिहास वाचण्याची त्यांची रीत आता कोणी टाकू शकत नाही. हा अभ्यासक २०१९ मध्ये निवर्तला.

आणि ज्या माळव्याकडून भूमिज शिखर आले, तेथे तर यावर कडी आहे. भोपाळजवळ भोजपुरला परमार भोजाने आरंभिलेले प्रचंड शिवालय अपुरेच राहिले. मागच्या बाजूला दगड वर चढविण्यासाठी केलेला उतार अजून दिसतो. भोवतालच्या खडकांवर आराखडे कोरलेले आहेत: खांबांचे, शिखरांचे, तळाचे. सूत्रधाराने उघड्या खडकावर रेघा ओढल्या, साऱ्या कारागिरांना दिसतील अशा. हजार वर्षांपूर्वीची ती दोरीवर टांगलेली चित्रेच! देऊळ पुरे झाले असते, तर कदाचित हे खडकही फोडून बांधकामात गेले असते. ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ भोजाच्याच नावावर आहे, आणि त्यात भूमिज प्रासादांची चर्चा आहे. सिन्नरच्या सूत्रधारांनीही कोठेतरी अशा रेघा ओढल्याच असणार. त्याशिवाय ते शिखर चढले नसते.

हे सारे मी मुलांना त्या रात्री सांगितले, निदान सांगू लागलो. खांबवाल्याला झोप आवरेना. शिखरवाली मात्र ऐकत होती की नाही कोण जाणे. तिची नजर आपल्या कागदावर होती. पहाटे उठून पाहतो तो तिचे अंथरूण रिकामे. ती उजाडायच्या आत देवळात गेली होती, आणि बाबाला सोबत घेऊन गेली होती.

मी चहाचा थर्मास घेऊन गेलो, तेव्हा बाबा नंदीमंडपाच्या कडेला उकिडवा बसून हाताने थर मोजीत होता आणि ती लिहून घेत होती. सकाळचे ऊन तिरपे पडले की सांधी काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात, हे तिला तेव्हा कळले. दुपारच्या उन्हात त्या बुजून जातात, आणि ती चार दिवस दुपारीच बसत होती. नक्षीची एक ओळ आणि दगडाचा एक थर यांचा मेळ प्रत्येक ठिकाणी असतोच असे नाही, हे पाहून ती चकित झाली. ‘‘मग काका, त्यांनी आधी रचलं आणि मग कोरलं, की कोरून रचलं?’’ मी बाबाकडे पाहिले. बाबा म्हणाला, ‘‘थोडं खाली, थोडं वर.’’ तिने तेही लिहून घेतले.

पुढे महाविद्यालयात तिने जे चित्र लावले, त्यात सांधी आहेत. मी ते पाहायला गेलो होतो. शिखर थोडे कमी देखणे दिसते, पण जड दिसते. पहिला कागद तिने टाकून दिला होता. काकूंनी तो उचलून आणला. आमच्या पडवीत तो अजून त्याच दोरीला आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात तिने त्या रात्री पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते: सांधी राहिल्या.